संदर्भासह गोड पाणी

मोबाईलवर चार ओळी बदलायला फार अक्कल लागत नाही, असं मी एकदा घरात म्हणालो. म्हणालो कसला, जाहीरच केलं. "चहा गार व्हायच्या आत करून टाकतो," असंही वर जोडलं. उभा जन्म हायस्कुलात मराठी शिकवण्यात गेला, निबंधांतल्या हजारो चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या. तिथे एका गावाची माहिती दुरुस्त करणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं होतं. आता इतकं सगळं होऊन गेल्यावर कुणी मोबाईल हातात दिला तर मी तो उपडा ठेवतो आणि भिंतीकडे बघत बसतो.

आधी गावाचं सांगतो. आंबोडखेड. अकोला आणि अमरावतीच्या मध्ये, पूर्णेच्या काठचं. जमीन काळीभोर, हरभरा नुसता सांडला तरी उगवतो. पाणी मात्र खारं. आमचा सगळा पट्टाच खारपाणपट्टा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, लागतं ते मीठच. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे या पाण्यापायी गावात कुणी पोरगी देत नाही.

पूर्वी हे लपवता यायचं. पाहुण्यांना बाहेरगावाहून आणलेलं पाणी पाजायचं, लग्न उरकायचं. सून आली की थोडे दिवस रडायची, मग रुळायची. माझी बायको भावना अशीच आली. तिचं रडणं पुढे थांबलं. बोलणं तेव्हा सुरू झालं ते अजून चालू आहे.

आता मुलीकडचे आधी मोबाईल बघतात. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे. मुक्त म्हणजे त्यात कोणीही लिहावं आणि कोणीही खोडावं. त्यात आमच्या गावाचंही पान आहे. लोकसंख्या, पिनकोड, मुख्य पिकं, आणि त्याखाली हे: 'गाव खारपाणपट्ट्यात असून येथील पाणी पिण्यास अयोग्य आहे. त्यामुळे या गावात मुली देण्यास लोक नाखूश असतात.' हे कुणी लिहिलं देव जाणे. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

आमचा विपुल अकोल्याला बियाण्यांच्या कंपनीत आहे. रोज मोटरसायकलनं ये-जा करतो. निर्व्यसनी, सरळ, कमी बोलणारा. तिशी ओलांडली तरी लग्न जमत नव्हतं. स्थळ यायचं, फोनवर गोड बोलणं व्हायचं, आणि गावाचं नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशीपासून फोन लागायचा नाही. हे पोरगं असंच राहिलं तर आपल्यामागे या घराला कुलूप लागेल, हा विचार मला भर वर्गात व्याकरण शिकवताना यायचा आणि खडू हातातच राहायचा.

अशात अमरावतीच्या परिचय मेळाव्यात विपुलला आचल भेटली. वरूडची. वडील सूर्यभानजी संत्र्यांचे व्यापारी. दोघं मेळाव्यात बराच वेळ बोलत बसली होती. पोराचा चेहरा त्या दिवशी घरी आला तो वेगळाच होता. बोलणी करायला मध्ये माझा साळा जानराव होता. त्याचा संध्याकाळी फोन आला.

"भाऊजी, पोरगी हो म्हंते. पन तिचा बाप आता मोबाईलात तुमचं गाव पाहनार हाय. इतवारी निवांत पूरं वाचतो म्हने."

मी तिथल्या तिथे चहाचा कप ठेवला आणि ज्ञानकोश उघडला. खाली 'संपादन' असं लिहिलं होतं. दाबलं. चक्क उघडलं! कुणी अडवलं नाही, कुणी नाव विचारलं नाही. देवळातही आधी चप्पल काढायला सांगतात. मी ती दोन वाक्यं खोडली आणि लिहिलं, 'येथील पाणी गोड व पाचक आहे.' पाचक हा शब्द मला फार आवडला. बायकोला वाचून दाखवला.

"पाचक?" ती म्हणाली. "अहो, आपल्या पाण्यानं बोरीच्या झाडाचं पोट बिघडते."

चहा खरंच गार झाला नव्हता. पण प्यायला घेतला तोवर पान पुन्हा जसंच्या तसं झालं होतं.

ज्ञानकोशावर पहारा देणारे लोक असतात हे मला माहीत नव्हतं. बिनपगारी असतात म्हणे, म्हणूनच इतके कडक. 'ज्ञानदीप' नावाच्या कुणी मला निरोप लिहिला होता, 'आपल्या मजकुरास संदर्भ नाही.' मी लिहिलं, 'महोदय, मी याच गावात जन्मलो. हेच पाणी रोज पितो. आणखी कसला संदर्भ हवा?' त्यावर उत्तर आलं, 'वैयक्तिक अनुभव हा संदर्भ म्हणून ग्राह्य धरला जात नाही. वर्तमानपत्रातील बातमी असल्यास द्यावी.'

वर्तमानपत्र म्हटल्यावर मला कुलदीप आठवला. माझा जुना विद्यार्थी. बसस्टँडवर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि जिल्ह्याच्या एका छोट्या पेपराचा तो आमच्या भागातला वार्ताहर आहे. त्याला म्हटलं, गावाच्या पाण्याबद्दल चार चांगल्या ओळी छाप.

"छापतो ना सर. पाणी गोड झालं काय?"

"नाही."

"मंग छापाचं काय?"

"गोड हाय असं."

कुलदीपनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. सत्य बोलावं हा धडा मी त्याला सातवीत शिकवला होता, असं मला उगाच आठवलं. मग तो म्हणाला, "तुमी सांगून राहिले म्हंजे झालं. आपल्याले काय, सूत्र पाह्यजे. तुमी सूत्र."

दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'आंबोडखेडचे पाणी अमृतासमान'. मी ती ज्ञानकोशात संदर्भ म्हणून जोडली. ज्ञानदीपनं चक्क आभार मानले. आमच्या वाक्याच्या डोक्यावर बारीकसा एक आकडा उगवला. तो आकडा असला की वाक्य खरं समजतात. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका पेपरानं रविवारच्या पुरवणीत ज्ञानकोशातूनच उचलून छापलं, की या गावाच्या पाण्याची पाचक म्हणून ख्याती आहे. ती पुरवणी कुणीतरी पुन्हा ज्ञानकोशात लावली. आमच्या खोट्याला आता दोन आकडे होते. मी रोज सकाळी उठून ते बघायचो, आणि खरं सांगतो, एका सकाळी विहिरीचं पाणी मला किंचित गोडही लागलं.

वरूडचे पाहुणे घर पाहायला आले. सूर्यभानजी, त्यांचा भाऊ आणि त्यांची आई मनकर्णाबाई. मी आदल्या दिवशी तालुक्याहून फिल्टरच्या पाण्याच्या कॅना आणून माजघरात झाकून ठेवल्या होत्या. प्यायला तेच, चहाला तेच. पाय धुवायलाही तेच ठेवलं, कारण साबणाला फेस आला नसता.

सूर्यभानजींनी पाण्याचा घोट घेतला, तोंडात घोळवला आणि मान डोलावली. "मोबाईलात लिवेल हाय तसंच हाय हो. आमच्या वरूडले पाणी गोड, पन लय खोल गेलं. तुमची मजा हाय."

विपुल समोरच उभा होता. "काका, हे पाणी..." एवढं तो म्हणाला.

"विपुल, आतून चिवडा आण," मी म्हणालो. चिवडा समोरच होता. तो तरीही आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

सगळं झकास चाललं होतं. उठताना मनकर्णाबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "किसनराव, माहं पोट मोठं खराब रायते. तुमचं पाणी पाचक हाय म्हंतेत. एक कॅन भरून द्या ना बाप्पा."

माजघरात एकच कॅन उरली होती. ती दिली. भावना आतल्या दारात उभी राहून माझ्याकडे असं बघत होती, की मी तिच्याकडे बघितलंच नाही.

आठवड्यानं फोन आला. बुढीचं पोट सुधारलं होतं. अजून पाणी पाठवा. झालं! पुढे दर सोमवारी मी तालुक्याला जायचो, फिल्टरच्या प्लांटवर कॅन भरायचो, तिच्यावरचं लेबल नखानं खरवडायचो आणि वरूडकडे जाणाऱ्या एसटीत कंडक्टरच्या हातापाया पडून चढवायचो. कंडक्टरनं एकदा विचारलं, "काय हाय यात?" म्हटलं, आमच्या विहिरीचं पाणी. तो आमच्याच पट्ट्यातला निघाला. पुढच्या सोमवारपासून त्यानं मला नमस्कार करणं बंद केलं.

"बाबा, सांगून टाका ना," विपुल एकदा जेवताना म्हणाला.

"लग्न झालं का सांगू."

"आन नाही झालं त?"

"तू सांगत बसला त नक्कीच नाही होनार," मी म्हणालो. तो ताट सरकवून हात धुवायला गेला. आपण पोराच्या भल्यासाठी राबतोय आणि पोराला त्याचं काही नाही, याचा मला मनापासून राग आला होता.

त्याच महिन्यात एका सकाळी सरपंच चतुराबाई चार बाया घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. धरणाचं पाणी नळानं आमच्या पट्ट्यातल्या गावांना द्यायचं, अशी योजना कधीची चालू होती. त्या नळासाठी चतुराबाईंनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आमचं गाव यादीत होतं.

"सर, आपलं गाव काढलं," चतुराबाई म्हणाल्या.

"काऊन?"

"साहेब म्हने, तुमचं पाणी गोड हाय. म्या म्हनलं, साहेब, शिशी आनली हाय, दोन घोट पिऊन पाहा. थो म्हने, पिऊन पाहाचं काय काम, इथं लिवेल हाय. दोन पेपरचे दाखले हायेत. मोबाईल फिरवून दाखवला त्यानं."

मी माझा मोबाईल हळूच उपडा ठेवला.

"तुमी शिकेल मानूस, म्हनून आलो. थे लिवनारा कोन हाय, त्याले हुडका. ह्याच पाण्यात उकडून काहाडतो त्याले."

"नाही शिजनार," भावना आतून म्हणाली. "ह्या पाण्यात काहीच शिजत नाही."

बाया हसल्या. मी नाही हसलो. चतुराबाईंचे हात माझ्या समोरच होते, खाऱ्या पाण्यानं धुणी-भांडी करून करून भेगाळलेले. तशाच हातांनी भावनाही मला रोज वाढत होती आणि मी ते कधी बघितलं नव्हतं. बाया गेल्यावर ती बाहेर आली. तिला वाटलं होतं मी वाद घालीन. माझ्यात तेवढा दम उरला नव्हता.

"लग्न मोडेल ना," मी म्हणालो.

"मोडू द्या. पुऱ्या गावाच्या नळावर पाय ठेवून मले सून नाही आनाची."

मी ज्ञानकोश उघडला. वाक्य खोडलं आणि खरं लिहिलं, पाणी खारट आहे. पाच मिनिटांत ज्ञानदीप हजर. 'संदर्भयुक्त मजकूर काढू नये. पुन्हा असे केल्यास आपले संपादन रोखले जाईल.' मी लिहिलं, 'महोदय, तो मजकूर खोटा आहे. मीच लिहिला. बातमीही मीच छापून आणली.' उत्तर आलं, 'आपल्या या दाव्यास संदर्भ आहे का?'

माणूस खोटं बोलला हे सिद्ध करायला साक्षीदार लागतात, हे ठाऊक होतं. पण तो माणूस मीच असूनही लागतील, असं वाटलं नव्हतं. मी पुन्हा कुलदीपकडे गेलो.

"सर, आपल्या पेपरात खंडन नाही लागत," तो म्हणाला. "खंडन देलं का संपादक इचारते, मंग आधी कायले छापलं होतं? नवी बातमी देऊ. फोटोसह."

फोटो काढायला त्यानं मला शाळेसमोरच्या हापशीवर उभं केलं, ओंजळीनं पाणी प्यायला लावलं आणि तोंड वाकडं करायला सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती. मधली सुट्टी झाली होती. सगळी शाळा फाटकाला लटकून आपल्या सरांना तोंड वाकडं करताना बघत होती. बातमी आली, 'आंबोडखेडचे पाणी खारटच! गोड असल्याची माहिती आपणच पसरवल्याची शिक्षकाची कबुली'. माझं नाव आणि माझा विषय, दोन्ही ठळक अक्षरांत होते.

ती बातमी मी ज्ञानकोशात लावली. ज्ञानदीपनं ती वाचून समतोल साधला. आता तिथे असं आहे, 'येथील पाणी गोड व पाचक आहे. मात्र काही स्थानिक रहिवाशांच्या मते ते खारट आहे.' काही स्थानिक रहिवासी म्हणजे सगळं गाव, ढोरं-वासरं धरून.

तरी त्या एका ओळीनं काम झालं. चतुराबाईंनी ती साहेबांसमोर धरली. दोन मतं आहेत म्हटल्यावर साहेबांना काहीतरी करणं भाग पडलं आणि त्यांनी बाटली घेऊन माणूस पाठवला. आमच्या पाण्याला प्रत्यक्ष भेटायला सरकारातून कुणीतरी आलं. गाव यादीत परत गेलं. नळ कधी येईल ते मात्र कुणी लिहिलेलं नाही.

आता वरूड उरलं होतं. बातमी आली त्या दिवशी सूर्यभानजींचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी सकाळी त्यांची गाडीच दारात उभी राहिली. एकटे होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पाय धुतले नाहीत, बसलेही नाहीत.

"विहीर कुठी हाय तुमची?"

मागच्या अंगणात नेलं. त्यांनी स्वतः बादली ओढली, ओंजळ भरली, प्यायले. डोळे मिटले. मग पचकन थुंकले.

"खारं हाय."

"हो," मी म्हणालो.

"लय खारं हाय."

"हो जी. चुकलो मी. पोराचा काही दोष नाही..."

"त्याचंच सांगून राहिलो," ते म्हणाले आणि विहिरीच्या कठड्यावर बसले. "तुमच्या पोरानं आमच्या आचलले मेळाव्यातच सांगतलं होतं, का आमच्याकडे पाणी खारं हाय, इचार करून हो म्हन. पोरगी म्हने चालते. म्या मोबाईल पाह्यला, मोबाईल म्हने गोड. पेपर म्हने गोड. पोराचा बाप म्हने गोड. इथं येऊन पेलो, त गोड. आमच्या बुढीचं पोट सुदा म्हने गोड. एकटं पोट्टंच म्हने खारं. मंग म्या काय समजावं?"

मी बादली उचलून उगाच बाजूला ठेवली.

"म्या समजलो पोट्टंच लबाड. लग्न कराचं नाही, म्हनून गावाची बदनामी करून राहिलं. पोरगी घरात रडून राहिली का बाबा, थो खोटं नाही बोलत. म्या आयकलं नाही. नकार कळवाले याच आठवड्यात तुमच्या साळ्याले फोन करनार होतो. तं पेपर आला."

विपुल मागच्या दारात येऊन उभा होता. त्यानं काय ऐकलं, किती ऐकलं, मला माहीत नाही. मला त्याच्याकडे बघवेना. जे लग्न जमावं म्हणून मी गावभर खोटं पेरलं, ते त्याच्या एका खऱ्या वाक्यानं पहिल्याच दिवशी जमलं होतं. आणि मी ते मोडत आणलं होतं, तेही संदर्भ देऊन.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय, पोट्टं खरं निंघालं. पोरगी देली." सूर्यभानजी उठले आणि त्यांनी धोतराला हात पुसले. मी पुढे होऊन म्हणालो, चला, बैठकीत बसू, तारखेचं बोलून घेऊ.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार मायेनं ठेवला, आणि मला बाजूला केलं.

"तुमी बसा, किसनराव. मी विपुलसंगं बोलतो."

तेव्हापासून हॉल, तारीख, वऱ्हाड किती येणार, सगळं तेच दोघं ठरवतात. कधी वरूडचा फोन चुकून मी उचलला आणि म्हटलं, इवाई, पंगतीला पाचशे माणूस धरा, तर पलीकडून आधी माझ्या तब्येतीची चौकशी होते. मग सूर्यभानजी अगदी नम्रपणे विचारतात, "विपुल हाय काय जवळ?"